काटा साठवर, गाडी पंचावन्नवर

जुनी गाडी बाळगणाऱ्याला पेट्रोल पंपावर, सिग्नलला आणि मंगल कार्यालयाच्या दारात तेच तीन प्रश्न विचारले जातात. ॲव्हरेज किती देते? विकायची आहे का? आणि किती पळते? पहिल्याला मी सांगते, "देत नाही, घेते." दुसऱ्याला नाही म्हटलं तरी समोरचा आपलं कार्ड हातात कोंबूनच जातो. अशी कार्डं गाडीच्या खणात साठली आहेत आणि वाया गेलेली नाहीत. डेल्कोमधल्या पॉइंटचं अंतर बघायला जाड व्हिजिटिंग कार्डासारखी वस्तू नाही, असं आमच्या मिस्त्रींचं मत आहे. सध्या एका बिल्डरच्या कार्डावर आमची गाडी सुरू होते.

तिसरा प्रश्न मात्र अवघड. पळायला काय, नवी असताना सव्वाशेपर्यंत पळायची म्हणे. पण जुन्या गाडीच्या बाबतीत किती पळते हे विचारायचंच नसतं. किती वेगानं नेली की ती कुरकुरत नाही, हे विचारायचं असतं. हा वेग कुठल्याही पुस्तकात छापलेला नाही आणि आमच्या घरात त्यावरून जेवढे वाद झालेत तेवढे जमिनीच्या वाटणीवरूनही झाले नाहीत.

गाडी १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी. आरसी बुकात पद्मिनी, लोकांच्या तोंडी फियाट. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन डॉज आणि प्लिमथ जुळवल्या जायच्या, मग पन्नासच्या दशकात फियाट आल्या आणि १९६४ मध्ये ११०० डी आली. आमची गाडी म्हणजे तीच, नाव बदललेली. इटलीत हे मॉडेल १९६६ साली थांबलं. कुर्ल्यात ते २००० च्या आसपासपर्यंत निघत राहिलं. मधल्या काळात इटालियन लोकांनी किती गाड्या काढल्या आणि मोडीत घातल्या ते त्यांचं त्यांना ठाऊक, आपण एकदा घेतलेली वस्तू अशी सहजासहजी सोडत नाही. त्यातून ही तर पैसे भरून, नंबर लावून, वाट बघून मिळायची. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नंबर लावला तेव्हा माझा पत्ता नव्हता आणि गाडी दारात आली तेव्हा मी चालायला लागले होते. घरातलं थोरलं अपत्य कोण, यावर अजून एकमत नाही.

इंजिन १०८९ सीसीचं. ताकद चाळीसेक अश्वशक्ती, तीही तरुणपणी. आजची हजार सीसीची छोटी गाडी पासष्टच्या पुढे ताकद बाळगते आणि मागून येऊन आम्हाला डिपर मारते. चारही चाकांना ड्रम ब्रेक. गिअर स्टेअरिंगपाशी, त्यामुळे पुढे सलग बाकासारखी सीट आणि तिच्यावर तीन माणसं, पूर्वी मांडीवर दोन पोरं धरून पाच. गिअरच्या दांड्यांचे बुश झिजले की गिअर मधेच अडकतो. मग उतरायचं, बॉनेट उघडायचं, ती दांडी हातानं जागेवर ढकलायची आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं परत येऊन बसायचं. सिग्नलला हे करताना मागच्यांकडे बघायचं नाही. हे मला अण्णांनी गाडी शिकवतानाच सांगितलं होतं, क्लचच्याही आधी.

"आतमध्ये एसी आहे का हो?" असं एका लग्नात एका काकूंनी विचारलं. मी म्हटलं, आहे की, पंपाला. टाकीतलं पेट्रोल ओढणाऱ्या पंपाला गॅरेजमध्ये एसी पंपच म्हणतात. काकूंना ते पटलं आणि त्या मागं बसल्या. नंतर घाम पुसत होत्या, पण काही बोलल्या नाहीत.

आता मिस्त्री. गाडी माझ्या नावावर आहे, चालवते मी, पैसेही मी देते. तरी पहिली काही वर्षं ते दुखणं माझ्या नवऱ्याला सांगत. "साहेब, मिसिंग मारतीय. पिकअप खातीय." नवरा गंभीरपणे मान हलवायचा. त्याला बॉनेट कुठून उघडतं हेही माहीत नव्हतं, अजून नाही. एकदा त्याच्या देखतच मी मिस्त्रींना विचारलं, "टॅपेटचं अंतर गरम इंजिनला बघितलंत की गार?" मिस्त्री थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. तेव्हापासून मी 'ताई' झाले आणि नवरा बाहेर चहा सांगायला मोकळा झाला.

मिस्त्रींचं तपासणं बघण्यासारखं असतं. इंजिन चालू ठेवायचं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग टोक हळूहळू पुढे सरकवत न्यायचं. तिसऱ्या सिलिंडरपाशी भुवई थोडी वर जाते. "ही वाजतीय." मग इंजिन बंद, कव्हर खाली, फिलर गेजचं पातं आत-बाहेर, अर्धा आटा इकडे की पाव आटा तिकडे. परत इंजिन चालू, परत कान. शेवटी आयडलिंगवर आणून एअर क्लीनरवर पाण्याचा भरलेला ग्लास ठेवतात. पाण्यावर उमटणारे तरंग बघून बिलाचा आकडा सांगतात. ग्लासातलं पाणी नंतर स्वतःच पितात.

सुट्या भागांचं सांगायचं तर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी आमच्यासारख्यांना पोसलं. हजारो टॅक्सी रोज रस्त्यावर म्हटल्यावर क्लच प्लेटपासून दाराच्या कडीपर्यंत सगळं कुर्ल्यात नाहीतर पुण्यात नाना पेठेत मिळायचं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. टॅक्सीला तिथे वीस वर्षांचं आयुष्य. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी बंद. वर्तमानपत्रांनी हळवे लेख छापले, लोकांनी फोटो काढले. मी त्या आठवड्यात नाना पेठेत जाऊन मिळतील तेवढे व्हील सिलिंडर किट घेऊन आले. हळवं व्हायला नंतर वेळ होताच.

तर वेगाचा वाद. अण्णांचं म्हणणं साठ. पुण्याहून साताऱ्याला ते आयुष्यभर काटा साठवर ठेवून गेले आणि ज्यांनी ऐंशीनं नेली त्यांच्या फियाट कुठे कुठे उभ्या राहिल्या याची यादी त्यांना पाठ आहे. मिस्त्री म्हणतात, पन्नास. पण त्यांना गाडी रस्त्यावर न्यायचीच नसते, त्यांना ती गॅरेजमध्ये बघायला आवडते. नवरा म्हणतो ऐंशी, कारण त्याला साताऱ्यात जेवायची वेळ गाठायची असते. मी कुणाचंच न ऐकता गाडीला विचारायचं ठरवलं.

जुन्या गाडीचा वेग वाढवत नेणं म्हणजे सोसायटीची जनरल बॉडी बोलावणं. चौथ्या गिअरवर तिशीत इंजिन गुदमरतं, खालून धक्के येतात. चाळिशीत डॅशबोर्ड बोलायला लागतो. पंचेचाळीसला डाव्या बाजूच्या त्रिकोणी काचेची कडी थरथरते आणि काच शिट्टी घालते. या काचेला वारा आत घ्यायला ठेवलंय, पण तिचा जास्त वेळ तक्रारीत जातो. पन्नास ओलांडलं की मात्र एकेक जण गप्प होतो. डॅशबोर्ड थांबतो, शिट्टी बंद होते, इंजिनाचा आवाज एका सुरात लागतो. साठच्या जरा पुढे गेलं की स्टेअरिंग हातात कापतं. सत्तरला तेलाचा वास. ऐंशीला कसलाच वेगळा आवाज येत नाही, कारण सगळेच एकदम बोलत असतात.

स्टेअरिंग का कापतं याचं उत्तर साधं आहे. या चाकाचा घेर पावणेदोन आणि दोन मीटरच्या मधला. साठच्या वेगात चाक सेकंदाला नऊ वेळा फिरतं. चाकात कुठे दहा-वीस ग्रॅमचा फरक असला, तर तो सेकंदाला नऊ हिसके देतो आणि त्या ठेक्यावर पुढच्या सस्पेन्शनची स्वतःची थरथर जुळली की सगळं मिळून नाचायला लागतं. बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केलं, क्रॉस बदलला. नाच कमी झाला, गेला नाही. पन्नास वर्षांच्या बुशांमध्ये एवढी मोकळीक असायचीच. आणखी वेग वाढवला तर हा नाच ओसरतोही, म्हणून बरेच जण म्हणतात की सत्तरला नेऊन बघा, गाडी मऊ लागते. गाडी लागते मऊ, पण बाकीची बिलं तिथूनच सुरू होतात.

कारण वेगाचा हिशोब सरळ चालत नाही. पंचावन्नवरून ऐंशीवर गेलं तर वेग दीडपटसुद्धा होत नाही, पण हवेचा विरोध दुपटीच्या वर जातो आणि तो कापायला लागणारी ताकद तिप्पट होते. ही तिप्पट ताकद चाळीस घोड्यांच्या म्हातारपणातून काढायची. थांबायचं म्हटलं तर ड्रम ब्रेकनी जिरवायची ऊर्जासुद्धा दुपटीच्या वर. ड्रम तापले की पाय खाली जातो आणि गाडी पुढे जाते. शिवाय पेट्रोल. २००० साली देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं. ते हवेसाठी आणि पोरांसाठी चांगलंच झालं, पण जुन्या इंजिनात व्हॉल्व्हच्या बैठकीला झिजू न देण्याचं काम ते शिसं करायचं. आता ती बैठक उघडी, आणि ती झिजते मुख्यतः जास्त फेऱ्यांवर, सतत ताण दिला की. म्हणजे ऐंशीनं साताऱ्याला.

साताऱ्याचं अंतर धरा ११० किलोमीटर. पंचावन्ननं दोन तास, ऐंशीनं सव्वा तासाच्या जरा वर. वाचतात सदतीस-अडतीस मिनिटं. नवऱ्यानं हट्टानं एकदा वाचवली. ती सगळी आम्ही शिरवळच्या पुढे रेडिएटर निवायची वाट बघत खर्च केली, वर तिथल्या टपरीवाल्याचं बिल झालं. जेवायला पोचलो तेव्हा आत्याबाई ताटं घासत होत्या.

मग एक दिवस माझ्या मुलानं मोबाइल डॅशबोर्डवर ठेवला. काटा साठवर आणि मोबाइल म्हणतो पंचावन्न. अण्णा मागे बसले होते. "फोन चुकतोय," ते म्हणाले. "अण्णा, उपग्रहावरून सांगतोय तो." "उपग्रहाला खालचं काय दिसतंय?" त्यांनी मनगटावरचं एचएमटी सरसावलं आणि किलोमीटरचे दगड मोजायला घेतले. साठ असेल तर दर दगडाला एक मिनिट लागलं पाहिजे. लागली पासष्ट सेकंद. पुढच्या दगडाला पुन्हा पासष्ट, त्याच्या पुढच्याला सहासष्ट, मधे एक कुत्रं आडवं आलं म्हणून. अण्णा बराच वेळ बाहेर बघत बसले. इतकी वर्षं छातीठोक सांगितलेले साठ हे पंचावन्न निघाले होते. कापूरहोळ आलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "गाडीला माहीत होतं ना? मग झालं."

पंचावन्ननं जायचं म्हणजे डाव्या लेनमधून जायचं, आणि डाव्या लेनचं जग वेगळंच आहे. तिथे बंद पडलेला ट्रक फांदी लावून उभा असतो. समोरून, म्हणजे खरोखरच समोरून, उलट्या दिशेनं शेतावरची मोटारसायकल येते. दुधाचे टेम्पो, भुसा भरलेला छोटा हत्ती, ढोलताशाचं पथक बसलेली पिकअप. या मंडळींचा वेग आपल्याएवढाच असल्यामुळे ओळख वाढते. एकदा एका दुधाच्या टेम्पोबरोबर आम्ही इतका वेळ मागेपुढे होत गेलो की फाट्यावर वळताना त्याच्या ड्रायव्हरनं हात केला. उजव्या लेनमध्ये कुणी कुणाला हात करत नाही. करतात तो वेगळ्या अर्थाचा असतो. एक्स्प्रेस-वेवर मी जात नाही. तिथे कारला शंभरची मर्यादा, आणि मर्यादेला कमाल न समजता किमान समजणारी माणसं मागे.

हंगामात पुढे उसाचा ट्रॅक्टर लागतो, दोन ट्रॉल्या, वीसचा वेग. एरवी मी ओव्हरटेक करते, पण हल्ली मी त्या उसाकडे वेगळ्या नजरेनं बघते. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि त्या इथेनॉलचा एक हिस्सा उसाचा. म्हणजे जे पुढे ट्रॉलीत चाललंय त्याचाच भाऊबंद माझ्या टाकीत आहे. शेतकऱ्याला भाव मिळतो त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. फियाटचं आहे. इथेनॉल जुन्या रबराला सोसत नाही. नळ्या फुगतात, पंपाचा पडदा सैल पडतो, टाकीत पाणी धरून राहतं. लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा एक तृतीयांशानं कमी, आणि कार्ब्युरेटरला त्यातलं काहीच कळत नाही. नव्या गाडीत सेन्सर असतो, तो मिश्रण जुळवून घेतो. आमच्याकडे मिस्त्री आहेत. त्यांनी सगळ्या नळ्या बदलल्या, पंपाचा पडदा नवा घातला, कार्ब्युरेटरचा जेट एक नंबर मोठा टाकला आणि जुना जेट माझ्या हातात देऊन म्हणाले, "ताई, जपून ठेवा. पेट्रोल परत आलं तर लागेल."

खंबाटकीचा घाट हा एक वेगळा विषय आहे. साताऱ्याला जाताना घाट आणि येताना बोगदा, अशी तिथली जुनी रीत. त्यामुळे गाडीची परीक्षा जातानाच होते. वर चढताना पंचावन्नचं काही चालत नाही. दुसरा गिअर, उजवा पाय स्थिर आणि नजर तापमानाच्या काट्यावर. उन्हाळ्यात एसी पंप तापतो, आतलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होते आणि वाफ काही कार्ब्युरेटरपर्यंत चढत नाही. गाडी हुंदके देऊन थांबते. इलाज म्हणजे ओलं फडकं. ते पंपावर गुंडाळायचं, वरून बाटलीनं थोडं थोडं पाणी सोडायचं. फडकं सुती हवं. माझ्याकडे त्यासाठी अण्णांचं जुनं धोतर फाडून ठेवलेलं आहे.

गाडी घाटात उभी राहिली की मदतीला माणसं थांबतात, हे फियाटचं वैशिष्ट्य. नवी गाडी बंद पडली तर लोक काच वर करून जातात. फियाट दिसली की ब्रेक लागतो. "आमच्या काकांची होती." "आम्ही कोल्हापूरला नऊ जण गेलो होतो." "दरवाजा मारल्यावर येतो ना तो आवाज, तो आजच्या गाडीला नाही." मग प्रत्येक जण एकदा दरवाजा मारून बघतो. मी ते सहन करते, कारण त्यांतला एखादा पाण्याची बाटली देतो. एक गृहस्थ तर आपल्या बायकोला आणि दोन पोरांना गाडीतून उतरवून ओळीनं उभं करून म्हणाले, "बघा, ही फियाट." पोरांनी बघितलं. धाकट्यानं विचारलं, "आणि ती चालत का नाहीये?"

पन्नाशी ओलांडली म्हणून एका ओळखीच्यांनी सल्ला दिला, आता व्हिंटेजमध्ये नोंदवून टाका. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला तशी नोंद मिळते, पाटीवर 'व्हीए' ही अक्षरं येतात, वीस हजार रुपये भरायचे आणि दहा वर्षं बघायचं नाही. पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल, एवढंच. मला मंडईत जायचं असतं. म्हणून मी दर पाच वर्षांनी तिला तपासणीला नेते, रीतसर नोंदणी वाढवून आणते. मागच्या खेपेला तिथल्या साहेबांनी दिवे बघितले, ब्रेक बघितला आणि मोठ्यांदा विचारलं, "किती पळते?" मी म्हटलं, पंचावन्न. त्यांनी मान वर करून विचारलं, "एवढीच?" मागून अण्णा म्हणाले, "काटा साठ दाखवतो."

तेव्हा वाचकांना विनंती. सातारा रस्त्यावर डाव्या लेनमध्ये करड्या रंगाची फियाट दिसली तर मागे राहून डिपर मारू नका, हॉर्न देऊ नका. तिला तेवढ्यानं पळता येणार असतं तर ती केव्हाच पळाली असती. उजवीकडून निघून जा. जाताना बघितलंत, फोटो काढलात तरी हरकत नाही, पण चालवणाऱ्यानं काढू नये. माझा उजवा हात खिडकीतून बाहेर येऊन खालीवर हलला तर तो तुम्हाला नमस्कार नव्हे, मी वेग कमी करते आहे. आणि कुणाच्या माळ्यावर, पोटमाळ्यावर, बंद पडलेल्या गॅरेजात पद्मिनीच्या डाव्या बाजूच्या त्रिकोणी काचेची कडी पडून असेल, तर कृपया कळवावं. उजवीची नको, उजव्या माझ्याकडे दोन आहेत. पैसे रोख देईन, न्यायलाही मीच येईन. यायला मात्र थोडा वेळ लागेल.